मी अध्यक्ष होते ती पानगळ

ऑक्टोबर संपत आला की एका सकाळी घरातलं हीटिंग पहिल्यांदा लावावं लागतं. उन्हाळाभर रेडिएटरवर बसलेली धूळ तापते आणि हॉलमध्ये एक कोरडा, जळका वास पसरतो. पाच-दहा मिनिटांत तो जातोही. पण तेवढ्या वेळात मी हातातलं भांडं ओट्यावर आपटलेलं असतं. मकरंद, माझा नवरा, उठून खिडकी उघडतो आणि म्हणतो, "आली तुझी पानगळ." त्याला माहीत असतं, आता दिवाळी होईपर्यंत ही बाई भांडी जरा जोरातच ठेवणार.

ग्लासगोची पानगळ सुंदर असते असं सगळे म्हणतात, आणि ती असतेच. केल्विन नदीच्या काठाने चालत गेलं की बीचच्या झाडांची पानं तांब्यासारखी चमकत पाण्यावर उतरत असतात आणि पाणी मात्र कोऱ्या चहाच्या रंगाचं. रोवनच्या झाडांना लाल फळांचे घोस लटकलेले. शाळेतून सुटलेली मुलं त्या ओल्या पानांमधून मुद्दाम पाय घासत जातात. दुपार आत्ता कुठे सुरू झाली म्हणेपर्यंत रस्त्यावरचे दिवे लागतात. पुण्याहून आलो तेव्हा पहिली कित्येक वर्षं मी हे सगळं पाहुण्यासारखं पाहिलं. फोटो काढले, आईला पाठवले. मग एक पानगळ अशी आली की तिचा मला एकही फोटो काढता आला नाही. त्या वर्षी मी अध्यक्ष होते.

आमच्या मराठी मंडळाची अध्यक्ष. हसू येत असेल तर येऊ द्या. मलाही यायचं. त्या दिवसांत टीव्हीवर कुठल्या तरी देशाचे राष्ट्राध्यक्ष रोज दिसत. एकीकडे घरची भानगड चव्हाट्यावर, दुसरीकडे परदेशी पाहुणे, तिसरीकडे महागाई. चेहरा असा की तीन रात्री झोपलेला नाही. मकरंद माझ्याकडे बघायचा, टीव्हीकडे बघायचा आणि म्हणायचा, "त्यांच्याकडे निदान हेलिकॉप्टर तरी आहे."

मी दिवसा एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर. उरलेल्या वेळात मंडळ. दिवाळीचा शनिवार तोच तेलुगू मंडळींनी धरलेला, बंगाल्यांची कालीपूजा त्याच आठवड्यात, आणि सगळ्यांना हवा असलेला कम्युनिटी हॉल एकच. मी तेलुगू मंडळाच्या अध्यक्षांना घरी जेवायला बोलावलं. त्यांनी आमटी दोनदा घेतली तेव्हाच मला कळलं की संध्याकाळ आपल्याला मिळणार. दुपार त्यांची, संध्याकाळ आमची, स्टेजवरची फुलं दोघांची. कौन्सिलरबाईंना भाषण करायचं होतं, त्यांना पाच मिनिटांवर आणलं. वकिलातीतले अधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून यायला तयार झाले. मुंबईहून मंत्र्यांचं एक शिष्टमंडळ याच सुमारास स्कॉटलंडला येणार होतं, त्यांनाही आमच्या दिवाळीत डोकवायचं होतं. या सगळ्यांची मर्जी सांभाळताना मी फोनवर एका दिवसात चार भाषांत हसायला शिकले.

आणि मी एक धोरण आणलं होतं. तिकिटाचे दर मिळकतीप्रमाणे. विद्यार्थी आणि म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये काम करणाऱ्या मुलींना अर्धं तिकीट, बड्या डॉक्टरांना आणि आम्हा बँकवाल्यांना पूर्ण. शिवाय पुढच्या रांगेतले राखीव सोफे बंद. जो आधी येईल तो पुढे बसेल. कमिटीत हे मंजूर झालं तेव्हा सेक्रेटरी शिल्पाने टेबलाखालून माझा हात दाबला होता. शिल्पा माझी इथली सर्वांत जवळची मैत्रीण. तिच्या बाळंतपणात तिची आई व्हिसामुळे पोचू शकली नाही, तेव्हा डिंकाचे लाडू मी केले होते.

सोफे बंद झाले याचा राग कोणाला येणार हे आम्हाला ठाऊक होतं. डॉक्टर सबनीस. चाळीसेक वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात आलेले, मंडळाचे माजी अध्यक्ष. निवृत्तीनंतर त्यांनी शहराबाहेर दोन केअर होम काढली होती. उंच, गोरे, सत्तरीतही ताठ. सगळ्यांना अरे-तुरे करायचे आणि सगळ्यांना ते आवडायचं. दर दिवाळीला मंडळाचा सगळा फराळ त्यांच्या घरून यायचा. चकली, करंजी, अनारसे. स्टेजवरून दरवर्षी सांगितलं जायचं, "सबनीसकाकूंच्या हातचा फराळ!" आणि काकू जागेवरूनच हात जोडायच्या. इतक्या माणसांचा फराळ एक बाई करते कशी, हा प्रश्न आम्हाला कुणालाही कधी पडला नाही. जिभेवर अनारसा विरघळत असताना असले प्रश्न पडत नाहीत.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी हॉलच्या दारात मी तिकिटांचं टेबल लावून बसले होते. काकूंच्या गाडीतून चकल्यांचे ट्रे आत आले. ते आणणारी मुलगी ट्रे ठेवून पुन्हा बाहेर आली आणि रांगेत उभी राहिली. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, थंडीत पातळ फ्लीसचं जॅकेट. तिचं नाव प्रणिता.

"अर्धं तिकीट भेटते न जी?" तिने विचारलं.

ऐकूनच कळलं, विदर्भ. यवतमाळची निघाली. पैसे द्यायला तिने हात पुढे केला तेव्हा बाही मागे सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत तेलाचे ताजे चटके.

"अगं, काय झालं हे?"

"चकल्या तयताना उडालं."

"घरी केल्यास?"

"नाई. होममधी." असं म्हणून तिने चटकन मागे काकूंकडे पाहिलं, आणि तिकीट घेऊन निघून गेली.

तिकिटांच्या वहीत तिचा नंबर होता, त्यावर फोन करून पुढच्या आठवड्यात मी तिला पोलॉक पार्कमध्ये भेटले. तिची एक शिफ्ट संपून दुसरी सुरू व्हायच्या मधला वेळ. तिथे कुंपणापलीकडे त्या केसाळ हायलँड गाई चरत असतात. त्यांच्याकडे बघत आम्ही बाकावर बसलो. "यायले थंडी वाजत नसन, नाई?" ती म्हणाली. मग गाईंकडेच बघत तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांच्या होममध्ये त्या चौघी होत्या. दोघी आपल्याकडच्या, दोघी केरळच्या. पासपोर्ट डॉक्टरांच्या कपाटात, "सुरक्षित राहावे म्हणून". सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांचं घर साफ करायचं, काकूंकडे पार्टी असली की स्वयंपाक. दिवाळीआधी शिफ्ट संपली की होमच्या किचनमध्ये फराळ. कोणी तोंड उघडलं की डॉक्टर ओरडत नसत. फक्त म्हणत, "बेटा, तुझा व्हिसा माझ्या सहीवर आहे."

"तुमाले सांगतलं ते कोणाले सांगू नका जी," ती म्हणाली. "मले फक्त पासपोर्ट पायजे."

मी दोनच माणसांशी बोलले. शिल्पाशी, कारण ती शिल्पा होती. आणि डॉक्टरांशी. वाटलं, जुना माणूस आहे, चारचौघांत न आणता समजावून सांगितलं तर पासपोर्ट परत देईल. प्रणिताचं नाव मी घेतलं नाही.

न्यूटन मर्न्सला त्यांच्या घरामागे काचेची खोली आहे, तिथे ते ऑर्किडवर पाणी फवारत होते. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी एकदाही हात थांबवला नाही.

"वैशाली," ते म्हणाले, "अध्यक्ष झालीस, आनंद आहे. पण एक शिकून घे. घरातलं घरात ठेवायचं असतं. या मुली तिकडे काय करत होत्या? मी आणल्या त्यांना. माझ्या मुलीच आहेत त्या."

"मुलींचे पासपोर्ट कपाटात कुलूप लावून ठेवतात का?"

तेव्हा ते हसले. अगदी प्रेमाने. "तू फार दमली आहेस," म्हणाले.

त्या हसण्याचा अर्थ चार दिवसांनी कळला. मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक फोटो आला. मी बायर्स रोडवरच्या एका कॅफेत बसलेय, समोर एक गोरी बाई काहीतरी लिहून घेतेय. खाली ओळ: "आपल्या अध्यक्षांची पत्रकारांबरोबर गुप्त बैठक." ती बाई एका स्थानिक पेपरची बातमीदार होती हे खरंच. ती दिवाळीच्या पुरवणीसाठी आली होती आणि आम्ही तासभर पणत्यांबद्दल बोललो होतो. तेवढंच. पण संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सगळी गोष्ट तयार झाली होती. अध्यक्षांना कौन्सिलची निवडणूक लढवायची आहे. त्यासाठी त्या आपल्याच माणसांना गोऱ्यांच्या पेपरात नागडं करणार आहेत. मराठी माणसं गुलाम ठेवतात अशी बातमी विकली आहे.

गुलाम हा शब्द मी फक्त एका माणसासमोर उच्चारला होता. गाडीत, शिल्पासमोर. त्या दिवशी कॅफेत मला सोडायलाही तीच आली होती.

मग ते दिवस. सकाळी बँकेत मीटिंग, मीटिंगमध्ये फोन थरथरतोय. तेलुगू अध्यक्षांचा मेसेज, "सिस्टर, एव्हरीथिंग ओके?" कौन्सिलरबाईंचं आजारी पडायचं ठरलं. शिष्टमंडळाच्या पीएने कळवलं की साहेबांचं जेवण सबनीसांकडे ठरलंय, हॉलवर यायला जमेलसं वाटत नाही. वकिलातीतून फोन आला. तो मऊ, धुतलेला आवाज मला अजून ऐकू येतो: "मॅडम, सम कॉन्ट्रोव्हर्सी चल रही है, ऐसा सुना." मी म्हटलं, नाही, तसं काही नाही. आणि म्हणतानाच मला माझी चीड आली, कारण तसं होतं. फक्त ते माझ्याबद्दल नव्हतं. तिकिटाच्या नव्या दरांचंही मग निघालं. अर्धं तिकीट म्हणजे मतं विकत घेणं, असं दोन हृदयरोगतज्ज्ञांनी लिहिलं. राष्ट्राध्यक्षांचं कसं होत असेल ते मला तेव्हा कळलं. वेगळ्या वाटणाऱ्या भानगडी, पाहुणे, धोरण यांची मुळं जमिनीखाली एकाच झाडाची असतात. आणि त्या झाडाला पाणी घालणारा माणूस कुठे तरी काचेच्या खोलीत उभा असतो.

विशेष सभा रविवारी दुपारी झाली. एका चर्चचा हॉल, हीटिंग त्या दिवशी पहिल्यांदाच लावलेलं, सगळीकडे तो जळका वास. शेजारच्या खोलीत मुलांच्या नाचाची तालीम चालू होती, तेच गाणं पुन्हा पुन्हा पहिल्या कडव्यापाशी थांबत होतं. मी कोट काढलाच नाही. डॉक्टर बोलायला उठले ते माझी बाजू घेतच. "वैशाली कर्तबगार आहे. थोडी उतावीळ आहे, एवढंच. तिने आरोप केलाय, तर आपण शहानिशा करू." आणि त्यांनी मागे वळून हाक मारली. "प्रणिता, बेटा, उभी राहा बरं."

मी नाव सांगितलं नव्हतं. ते त्यांनी बरोबर शोधलं होतं.

ती उभी राहिली. त्याच पातळ फ्लीसमध्ये. एवढ्या माणसांनी एकदम वळून पाहिलं तशी तिने बाही ओढून बोटांपर्यंत घेतली.

"घाबरू नकोस. सगळी आपलीच माणसं आहेत. तुला माझ्याकडे काही त्रास आहे का?"

भिंतीपलीकडचं गाणं त्याच वेळी थांबलं.

"नाई सर," ती म्हणाली. "काईच त्रास नाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढचं सगळं माफ करता आलं असतं कदाचित. मला अध्यक्षपदावरून काढायला हात वर झाले, त्यात बांगड्यांचा एक ओळखीचा हात होता, शिल्पाचा, तेही. पण त्या टाळ्या नाही. एका मुलीला भर सभेत उभं करून तिच्याकडून खोटं बोलवून घेतलं आणि शिकल्यासवरल्या माणसांनी, सर्जन, इंजिनियर, बँकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एकेक चेहरा पाहून घेतला. सावकाश. डावीकडून उजवीकडे.

मराठीत त्यासाठी एक शब्द आहे: डूख. नागाचा. त्याला इंग्रजीत काय म्हणतात मला ठाऊक नाही, आणि मी शोधलंही नाही. लहानपणापासून आम्हा मुलींना शिकवलेलं असतं, सोडून द्यावं गं. फोनवर आईही तेच म्हणाली. "सोडून दे. ज्याचं त्याच्यापाशी." मी 'हो' म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडून तक्रार लिहायला घेतली. गृहखात्याकडे, केअर होमची तपासणी करणाऱ्यांकडे, सगळीकडे. लिहिताना जेवले नाही. इतकं चांगलं इंग्रजी मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

सोमवारी लंचच्या सुट्टीत क्लाइडच्या काठावर उभी होते, तेव्हा प्रणिताचा फोन आला.

"ताई, माफ करा मले."

"तू कशाला माफी मागतेस?"

"एक मागू? कम्प्लेंट करू नका आत्ताच. त्याईचं बाहेरून मानसं आनाचं लायसन गेलं त त्याईचं काय जाते? त्याईच्यापाशी घर हाये, पेन्शन हाये. आमाले चौघीले दोनेक मैन्यात दुसरी नोकरी नाई भेटली त घरी जा लागन. माह्या बहिणीची इंजिनियरिंगची फी कोन भरन?"

नदीवरून वारा येत होता, खालून गढूळ पाणी चाललं होतं. मी म्हटलं, "किती दिवस थांबू?"

"आमी निघेपर्यंत."

मी थांबले. सूड म्हणजे तडकाफडकी काहीतरी असतं अशी माझी समजूत होती. तो इतका कष्टाचा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षीची दिवाळी माझ्याविना झाली. पुढचे सोफे परत आले. फोटोत अनारश्यांचा ढीग दिसत होता. तो हिवाळा मी हिलहेडच्या लायब्ररीत काढला. शनिवारी-रविवारी, त्या चौघींपैकी जिला जमेल तिला घेऊन. त्यांचे सीव्ही लिहिले, अर्ज भरले, नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करून घेतली. मुलाखतीचा सराव करताना प्रणिता प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सर' लावायची. समोर मी बसलेली असूनही.

"सर म्हणायचं नाही."

"सवय झाली जी."

"मोड ती सवय. पुन्हा सांग. तुझ्या हातून काय चांगलं होतं?"

तिने पेनचं टोपण काढलं, परत लावलं. मग म्हणाली, "म्हातारे मानसं मरताना मी हात सोडत नाई."

"हे सांग. हेच सांग. आणि सर म्हणू नकोस."

मी हे परोपकारासाठी करत होते असं कुणाला वाटेल. मकरंदला सुरुवातीला वाटलं होतं. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात दया कमी होती. एक अर्ज पाठवला की मला दिसायचं, सबनीसांच्या घराची एक वीट आज निघाली. केरळच्या दोघींपैकी एक ॲबरडीनला गेली. मग दुसरी इन्व्हरनेसला. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मी मुद्दाम गेले आणि शेवटच्या रांगेत बसले. डॉक्टर कुणाला तरी सांगत होते, "माझ्या मुली पळवतंय कोणीतरी." मी श्रीखंड खात होते. इतकं गोड श्रीखंड मी पुन्हा कधी खाल्लं नाही.

मग आपल्याकडची दुसरी मुलगीही गेली, आणि प्रणिता शेवटची निघाली. तिला एडिनबराच्या एका हॉस्पिटलात काम मिळालं. पासपोर्ट मागायला मी बरोबर येते म्हटलं, ती नको म्हणाली. मी केअर होमच्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून बसले. समोरच्या खिडकीत एक म्हातारी बाई काचेला हात लावून उभी होती, तिला मी हात केला, तिनेही केला. प्रणिता दार ढकलून बाहेर आली, फ्लीसच्या आत एक हात घालून. गाडीत बसली, दार लावलं, तरी हात बाहेर काढेना.

"दिला?"

"दिला. म्हटलं, पासपोर्ट द्या, नाईतर इथंच उभी राहून पोलिसाले फोन करतो." मग एकदम तिचा चेहरा हलला. "ताई, मी सर नाई म्हटलं. नुसतं डॉक्टर म्हटलं."

आणि ती रडायला लागली. मी गाडी चालवत राहिले. एडिनबराच्या रस्त्याला दोन्हीकडे कसली तरी पिवळी फुलं होती.

तिचा नव्या नोकरीतला पहिला आठवडा पार पडला तेव्हा मी लॅपटॉप उघडला. आता चौघींनी आपापली नावं घालून आपापलं सांगितलं होतं. मी पाठवून दिलं. आणि एक फोनही केला. पणत्यांबद्दल तासभर ऐकून घेतलेल्या त्या बातमीदार बाईंना. पहिल्या वेळी मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं आणि सगळं सांगितल्याची शिक्षा भोगली होती. शिक्षा भोगून झालेली, म्हटलं, आता गुन्हा करायला हरकत नाही.

उन्हाळ्यात तपासणीची माणसं आली. परदेशातून माणसं आणायचं लायसन गेलं. बातमी छापून आली, फोटोसकट. फोटोत ऑर्किड दिसत होती. पुढे दोन्ही होम विकली गेली. घेणाऱ्यांनी तिथल्या म्हाताऱ्यांना हलवलं नाही, एवढं मी विचारून घेतलं होतं. मंडळाच्या ग्रुपवर त्या दिवशी कुणीच काही लिहिलं नाही. टाळ्या वाजवणारे एवढे हात, एकाचाही अंगठासुद्धा उठला नाही.

मग एका दुपारी शिल्पा आली. हातात केक. "आम्हाला खरंच माहीत नव्हतं गं," म्हणाली.

"त्यांना नव्हतं," मी म्हटलं. "तुला होतं. मी तुलाच पहिल्यांदा सांगितलं होतं."

ती रडली. तिच्या नवऱ्याची नोकरी तेव्हा डॉक्टरांच्या जावयाकडे होती, असं काहीसं सांगत होती. मी ऐकून घेतलं. केक कापला, तिला दिला, मी खाल्ला नाही. तिनेच पुढे माझं नाव पुन्हा अध्यक्षपदासाठी सुचवलं. लोकांना वाटलं मी नाही म्हणेन. मानी बाई आहे. मी हो म्हटलं. दर महिन्याला त्या सगळ्यांनी माझ्यासमोर बसून माझं ऐकावं, यासाठी. अर्धं तिकीट परत आणलं. सोफे हॉलवाल्यांना देऊन टाकले. फराळ आता आम्ही सगळे मिळून करतो, आणि त्या दोन हृदयरोगतज्ज्ञांना मी करंज्या भरायला बसवते. त्यांच्या करंज्या तळताना फुटतात.

हे सगळं होऊन आता काही पानगळी गेल्या. लोक म्हणतात, काळ औषध असतो. माझ्या बाबतीत तरी त्याने गुण दिलेला नाही. हीटिंगचा तो जळका वास आला की मी पुन्हा त्या चर्चच्या हॉलमध्ये असते, कोट न काढता.

यंदाही परवा तो वास आला. आणि त्याच दुपारी दाराची बेल वाजली.

डॉक्टर सबनीस उभे होते. एकटे. पाठ वाकली होती, कोटाच्या खांद्यावर पावसाचे थेंब. मकरंदने त्यांना आत घेतलं, कोट खुंटीला लावला, खुर्ची दिली. मी चहा केला. घरी आलेल्या माणसाला चहा द्यायचा, एवढं माझ्या आईने शिकवलेलं मी पाळते.

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "काकूंना बरं नसतं," म्हणाले. "गुडघे गेलेत. दिवसभर बसून असते. आमच्याकडे कोणी येत नाही गं आता. दिवाळीला तरी... तू अध्यक्ष आहेस. तू बोलावलंस तर बाकीचे काही म्हणणार नाहीत."

ते पुढे म्हणाले, "झालं ते झालं. माझं चुकलं असेल. मी तुझी माफी मागतो, वैशाली."

खोटं का बोलू, मी हललेच. सत्तरी ओलांडलेला माणूस, वाकलेला, माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर. या क्षणाची मी इतकी वाट पाहिली होती. आणि तो आला तेव्हा माझ्या मनात आलं, पुरे आता. मकरंद माझ्याकडे बघत होता. त्यालाही वाटत होतं, पुरे.

"डॉक्टर," मी म्हटलं, "काकूंनी जरूर यावं. मी स्वतः गाडी पाठवते. तुम्हीही या. फक्त माझी माफी नको. मी प्रणिताचा नंबर देते. तिला एकदा फोन करा."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. भुवया वर गेल्या, आणि तो जुना, प्रेमळ, समजावणारा आवाज परत आला.

"तिला? तिला काय फोन करायचा?"

मग मी उठले, त्यांचा कप उचलला. अर्धा चहा तसाच होता. आत जाऊन तो सिंकमध्ये ओतला. परत येऊन खुंटीवरून त्यांचा कोट काढून त्यांच्या हातात दिला.

"काकूंसाठी गाडी येईल," मी म्हटलं. "तुमच्यासाठी नाही."

ते उभे राहिले. त्यांनी मकरंदकडे पाहिलं, मकरंदने खाली पाहिलं. मी दार उघडून धरलं. बाहेरच्या पायऱ्यांवर ओली पानं साचली होती, ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. मकरंद पुढे व्हायला निघाला, मी त्याच्या दंडावर हात ठेवला.

ते खाली पोचले, नीट पोचले. फुटपाथवर थांबून त्यांनी एकदा वर पाहिलं. त्यांना वाटलं असावं, मी बोलावीन.

मी दार लावून घेतलं. मकरंद म्हणाला, "बरं वाटलं?"

"हो," मी म्हटलं. "खूप."